सुरुवातीचे वय आणि टिकण्याचे वय

धाराशिवच्या आकाशातून दिवसभर विमाने जातात. त्यांतले क्वचितच एखादे आपल्या जिल्ह्यात उतरते. तरीही त्या विमानांची वाट जमिनीवर बसून आखणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकाच्या नोकरीचे आकर्षण आपल्या जिल्ह्यातील तरुणांमध्ये वाढते आहे. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या किंवा तुळजापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलामुलींना ही वाट ठाऊक असते. काहींना मात्र ती उशिरा, तिशी ओलांडल्यावर आठवते. मग प्रश्न येतो, “डॉक्टर, आता या वयात अर्ज करता येईल का? मेडिकलमध्ये बसेन का?”

कुटुंबाच्या आरोग्याला वाहिलेल्या या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपल्याला वाटेल. कारण असे की, हा प्रश्न उशिरा विचारणाऱ्यांपैकी बरेच जण आळसामुळे मागे राहिलेले नसतात. घरात कोणाचे तरी आजारपण असते आणि त्याच्या उशाशी ते बसलेले असतात. या पाक्षिकाचे वाचक म्हणजे एक तर अंथरुणावरचे ज्येष्ठ, नाही तर उशाशी बसलेले ते कुटुंबीय. म्हणून ही गोष्ट आपल्या दोघांचीही आहे.

नियम काय सांगतो?

आपल्या देशात ही भरती भारतीय विमानतळ प्राधिकरण करते. पदाचे नाव कनिष्ठ कार्यकारी (हवाई वाहतूक नियंत्रण). भौतिकशास्त्र व गणितासह विज्ञानाची पूर्णवेळ पदवी किंवा अभियांत्रिकीची पूर्णवेळ पदवी लागते. पूर्वानुभव लागत नाही. संगणकावरील लेखी परीक्षा, नंतर आवाजाची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मादक पदार्थांसाठीची तपासणी आणि वैद्यकीय तपासणी अशा पायऱ्या असतात. निवड झाली की प्रशिक्षण मिळते. प्रयागराजचे नागरी विमान वाहतूक प्रशिक्षण महाविद्यालय, हैदराबादचे केंद्र आणि आपल्याच राज्यात गोंदियाजवळ असलेली प्राधिकरणाची संस्था ही त्याची ठिकाणे.

वयाची अट मात्र कडक आहे: कमाल 27 वर्षे. इतर मागासवर्गीयांतील नॉन क्रीमी लेयर उमेदवारांना 3 वर्षे आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना 5 वर्षे सवलत मिळते. प्राधिकरणातच आधीपासून कायम नोकरीत असलेल्यांना 10 वर्षांची सवलत असते. भरती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात निघेलच असेही नाही. 2022 मध्ये 400, 2023 मध्ये 496 आणि 2025 मध्ये 309 जागांची जाहिरात निघाली होती. म्हणजे पदवी 21-22 व्या वर्षी मिळाली, तर खुल्या प्रवर्गातील मुलाच्या हाती जेमतेम तीन-चार संधी येतात. घरातील आजारपणात दोन-तीन वर्षे गेली, की त्यांतल्या बहुतेक संपतात.

अट का घातली?

ही अट म्हणजे केवळ सरकारी हट्ट नव्हे. त्यामागे शरीरशास्त्र आहे आणि ते समजून घेतले तर मनातील कडवटपणा थोडा कमी होतो.

नियंत्रकाला एकाच वेळी अनेक विमानांची उंची, वेग आणि दिशा ध्यानात ठेवावी लागते. कानांत एक वैमानिक बोलत असतो, डोळ्यांसमोर पडदा बदलत असतो आणि पुढच्या पाच मिनिटांत कोणती दोन विमाने जवळ येतील याचा हिशेब मनात चालू असतो. वैद्यकीय भाषेत सांगायचे तर माहिती हाताळण्याचा वेग, अवधान एका गोष्टीवरून दुसरीवर नेण्याची चपळाई आणि अल्पकाळाची स्मृती या तीन शक्तींवर हे काम उभे आहे. या शक्ती विशीत ऐन भरात असतात आणि पुढे हळूहळू, आपल्या लक्षातही येणार नाही अशा गतीने, उतरू लागतात. शब्दसंपत्ती, व्यवहारज्ञान, माणसांची पारख यांचे उलट असते. साठीपर्यंत, कित्येकदा त्यानंतरही, ती टिकते किंवा वाढते.

अमेरिकेत 1960 च्या दशकात नियंत्रकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास झाला. प्रशिक्षणाला बसतानाचे वय जितके जास्त, तितकी उत्तीर्ण होण्याची शक्यता कमी, असे त्यातून दिसले. पुढे 1972 च्या कायद्याने तेथे प्रवेशाचे कमाल वय ठरवण्याची मुभा मिळाली आणि नियंत्रकांसाठी निवृत्तीचे वय 56 ठरले. आज तेथे नवख्या उमेदवाराला 31 वर्षे पूर्ण होण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. प्रत्येक देशाने मात्र हाच मार्ग धरलेला नाही. ब्रिटनमध्ये किमान वय 18 आहे, वरची मर्यादा नाही. तेथे वयाऐवजी चाचण्याच माणसाला निवडतात किंवा वगळतात. ज्यांची मुले तेथे कायम वास्तव्याला आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता या विषयातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा अभ्यास. इलिनॉय विद्यापीठातील ॲशली नून्स आणि आर्थर क्रेमर यांनी तो 2009 मध्ये प्रसिद्ध केला. कॅनडात नियंत्रक अधिक वयापर्यंत काम करतात, म्हणून त्यांनी तेथील पन्नाशी-साठीतील नियंत्रक घेतले आणि त्यांची तुलना तरुण नियंत्रकांशी, तसेच हे काम कधीच न केलेल्या तरुण व वयस्क माणसांशी केली. साध्या, कामाशी संबंध नसलेल्या चाचण्यांत वयस्क नियंत्रकांचा वेग इतर समवयस्कांप्रमाणे उतरलेला दिसला. पण विमाने हाताळण्याचे खरे काम पडद्यावर दिले, तेव्हा ते तरुण नियंत्रकांच्या बरोबरीने उतरले. वर्षानुवर्षांच्या सवयीने उतरत्या वेगाची भरपाई केली होती.

यातून एक भेद स्पष्ट होतो. एखादे काम सुरू करण्याचे वय वेगळे आणि ते काम करत टिकून राहण्याचे वय वेगळे. आपल्याकडेही प्रवेशाचे वय 27 आणि निवृत्तीचे वय 60 आहे. पन्नाशीतील माणूस नियंत्रकाच्या खुर्चीत बसू शकतो, मात्र त्याने त्या खुर्चीची सवय तरुणपणीच लावून घेतलेली असावी लागते. सत्तरीतील आजी जात्यावर, शिवणयंत्रावर किंवा हिशेबाच्या वहीत तरुणांना मागे टाकते. पण तिलाच नवा मोबाईल हाती दिला की ती गोंधळते. तिची बुद्धी गेलेली नसते. हातात नव्याने आलेल्या वस्तूची सवय तेवढी नसते.

तपासणी त्यांची, धडा आपला

नियंत्रकांच्या वैद्यकीय तपासणीचे निकष आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवले आहेत. ते ज्येष्ठांनीही वाचण्यासारखे आहेत. दूरचे दिसणे चष्म्यासह चालते, मात्र प्रत्येक डोळ्याने निदान 6/9 आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून 6/6 दिसले पाहिजे. जवळचे बारीक अक्षर वाचता आले पाहिजे, रंग ओळखता आले पाहिजेत. प्रत्येक कानाची ऐकण्यातील घट 500, 1000 आणि 2000 हर्ट्झच्या स्वरांना 35 डेसिबलपेक्षा, तर 3000 हर्ट्झच्या स्वराला 50 डेसिबलपेक्षा जास्त नसावी. रक्तदाब, हृदय, मानसिक स्वास्थ्य, झोप यांचीही पाहणी होते. या प्रमाणपत्राची मुदत चाळिशीपर्यंत 48 महिने, चाळिशीनंतर 24 महिने आणि पन्नाशीनंतर 12 महिने असते.

या शेवटच्या आकड्यांकडे पाहा. वय वाढले म्हणून माणसाला घरी पाठवलेले नाही. त्याची तपासणी तेवढी लवकर लवकर केली आहे. आपण मात्र नेमके उलटे करतो. तिशीत नोकरीसाठी म्हणून सारे तपासतो आणि साठीनंतर “आता वयच झाले” म्हणून सोडून देतो.

कानाचेच उदाहरण घ्या. वयाबरोबर आधी उंच स्वर जातात. स, श, फ, त ही व्यंजने त्यात मोडतात. म्हणून आजोबा म्हणतात, “ऐकू येते, पण कळत नाही.” घरचे समजतात, यांचे लक्ष नाही. मग बोलणे कमी होते आणि आजोबा कोपऱ्यात जातात. स्मृतिभ्रंशाविषयीच्या ‘लॅन्सेट’ आयोगाने 2024 च्या अहवालात टाळता येण्याजोगी 14 कारणे नोंदवली. त्यांत उपचार न केलेला बहिरेपणा आहे आणि दृष्टिदोषही आहे. ही सारी कारणे हाताळली तर जगातील सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा पुढे ढकलला जाईल, असा आयोगाचा अंदाज आहे. चष्मा, श्रवणयंत्र यांसाठी राज्य शासनाच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षे पूर्ण झालेल्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना 3,000 रुपयांचे साहाय्य ठेवलेले आहे. आपल्या गावात त्याची चौकशी अवश्य करावी.

आणखी एक धडा विश्रांतीचा. ब्रिटनमधील नियमांप्रमाणे नियंत्रकाला दोन तासांहून अधिक वेळ सलग पडद्यासमोर बसू देत नाहीत. मध्ये किमान अर्धा तास सुटी द्यावीच लागते. आपल्या देशातही त्यांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांवर नियमांचे बंधन आहे. थकलेला माणूस चुकतो, हे तेथे गृहीत धरलेले असते. घरात रुग्णाची सेवा करणारी सून किंवा मुलगा मात्र दिवसा औषधे देतो, रात्री कूस बदलतो, पहाटे पुन्हा उठतो. त्याला ना पाळी, ना सुटी. चुकीची गोळी दिली गेली, उचलताना रुग्ण हातातून निसटला, की आपण निष्काळजीपणाचा ठपका ठेवतो. खरे कारण बहुधा अपुरी झोप हेच असते.

वडिलांच्या मनातील ओझे

माझ्या माहितीतील एका घरातील गोष्ट सांगतो. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा मुलगा 24 वर्षांचा होता. बी.एस्सी. झालेला, याच परीक्षेची तयारी करणारा. बहिणीचे लग्न झालेले, आई संधिवाताने बेजार. मुलगा गावी परतला तो परतलाच. त्याच्या मालिशीमुळे, व्यायाम करून घेण्यामुळे वडील काठी घेऊन चालू लागले. तोवर मुलाचे एकतिसावे वर्ष लागले होते.

गेल्या वर्षी वडिलांनी रक्तदाबाच्या गोळ्या घेणे बंद केले. गोळ्या उशीखाली साठवून ठेवलेल्या सापडल्या. एकांतात विचारले तेव्हा ते म्हणाले, “माझ्यापायी पोराचं वय गेलं, डॉक्टरसाहेब. आता अजून किती दिवस घ्यायचे त्याचे?”

हा अपराधभाव ज्येष्ठांत फार आढळतो आणि फार कमी बोलला जातो. भूक मंदावणे, औषध टाळणे, “मला काही नको” हा एकच धोशा, पहाटे तीनला येणारी जाग ही त्याची रूपे. दोन आठवड्यांहून अधिक काळ हे चालले तर ते नैराश्य असू शकते आणि त्याला उपचार आहे. त्या वडिलांना समुपदेशन आणि औषध दोन्ही लागले. त्याहून अधिक लागू पडले ते मुलाचे एक वाक्य: “बाबा, तुम्ही चालताय, म्हणून मी आता बाहेर पडू शकतो.”

बंद होणारे दार आधी

या साऱ्यांतून एक गोष्ट प्रत्येक घराने करण्यासारखी आहे. आजारपण लांबणार असे दिसताच औषधांच्या कागदाशेजारी दुसरा एक कागद लावावा. त्यावर घरातील प्रत्येक तरुणाचे नाव, जन्मतारीख, त्याला हवी असलेली परीक्षा आणि तिची शेवटची वयोमर्यादा लिहावी. ज्याचे दार आधी बंद होणार, त्याला सेवेच्या पाळीतून आधी मोकळे करावे. चाळिशीतील काकांना किंवा नोकरीत स्थिर झालेल्या मुलीला दोन महिन्यांची पाळी घेणे जड जाईल, पण त्यांचे दार बंद होणार नाही. चोवीस वर्षांच्या मुलाचे होईल.

हा कागद ज्येष्ठांनी स्वतः मागावा, अशी माझी विनंती आहे. मुले आपण होऊन म्हणणार नाहीत. त्यांना ते स्वार्थाचे वाटते. “तुझी परीक्षा कधी आहे? त्या तीन महिन्यांत माझ्याकडे कोण येईल ते ठरवू,” हे आपल्या तोंडून निघाले तर घरातील अर्धा ताण उतरेल. पाळी वाटून घेताना कोणी किती रात्री जागायचे तेही लिहावे. सलग तीन रात्री जागलेल्या माणसाला चौथी रात्र देऊ नये. मार्ग सुचत नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर माहिती आणि भावनिक आधार मिळतो.

ज्यांचे दार बंद झाले

आता ज्यांचे वय उलटले त्यांच्याविषयी. त्यांना खोटी आशा दाखवू नये. पस्तिसाव्या वर्षी बाहेरच्या उमेदवाराला ही भरती खुली नाही आणि “ओळखीने वय बसवून देतो” म्हणणारा माणूस फसवतो आहे, हे स्पष्ट सांगावे. बी.एस्सी. झालेल्याला पुन्हा मोजायला लावावे, कारण सगळी दारे 27 ला बंद होत नाहीत. राज्य शासनाच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागास प्रवर्गांसाठी 43 ही मर्यादा आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात अनेक अभ्यासक्रमांना कमाल वयाची अट नाही. सहा वर्षे रुग्णाला सांभाळलेल्या माणसाकडे जी सवय जमली असते, ती रुग्णसेवेच्या, भौतिकोपचार-साहाय्याच्या, औषध दुकानाच्या कामात मोलाची ठरते. वर सांगितलेला अभ्यास याच बाजूने साक्ष देतो: जेथे सवय आहे तेथे वय मागे पडते. ज्या मुलाची गोष्ट सांगितली, तो आता औषधनिर्माण शास्त्राची पदविका करतो आहे.

ज्येष्ठांनो, शिकण्याची गरज आपल्यालाही आहे. अमेरिकेत 65 वर्षांवरील सुमारे 2,800 जणांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगात विचारशक्तीचे आणि माहिती हाताळण्याच्या वेगाचे थोडक्या बैठकांचे प्रशिक्षण दिले गेले. त्याचा परिणाम दहा वर्षांनंतरही दिसला. दुसऱ्या एका अभ्यासात साठीपुढच्या माणसांनी तीन महिने, आठवड्याला सुमारे 15 तास, छायाचित्रण किंवा गोधडीसारखे नवे, कठीण काम शिकले. नुसत्या गप्पागोष्टींत वेळ घालवणाऱ्यांपेक्षा त्यांची स्मरणशक्ती अधिक सुधारली. आणि एवढ्या दूर कशाला जायचे? ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी 8 मार्च 2016 रोजी सुरू झालेल्या ‘आजीबाईंच्या शाळे’त साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजी गुलाबी नऊवारी नेसून पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या. त्यांना कोणतीही परीक्षा द्यायची नव्हती. अंगठ्याऐवजी सही करायची होती आणि ती त्यांनी केली.

या पंधरवड्यात आपण तीन कामे करावीत. वर्ष उलटले असेल तर कान, डोळे आणि रक्तदाब तपासून घ्यावा. जे कधी जमले नाही असे एक काम शिकायला घ्यावे, मग तो मोबाईलवरून पैसे पाठवणे असो किंवा नवा अभंग पाठ करणे असो. आणि आज रात्री जेवण झाल्यावर नातवाला किंवा नातीला जवळ बसवून तिची जन्मतारीख आणि तिला हव्या असलेल्या परीक्षेची वयोमर्यादा विचारावी. उत्तर ऐकल्यावर तो कागद आपल्याच हाताने भिंतीला लावावा.